टेबलाला धक्का

मेंदूच्या पेशीला केसाहून बारीक काचेची नळी चिकटवून, पेशीतली सूक्ष्म दारं कधी उघडतात ते सर टिपत. टेबल हललं की नळी सुटायची, म्हणून धक्का देणाऱ्याने खोलीबाहेर उभं राहायचं, हा त्यांचाच नियम. निवृत्तीच्या आदल्या दिवशी संशोधनातली उरलेली शेवटची नोंद पडद्यावर नाचऱ्या रेघेने उमटू लागली.

“अगं, जमलं!” म्हणत सरांनी टेबलावर थाप मारली. नळी सुटली, रेघ आडवी झाली.

शेजारी उभ्या विद्यार्थिनीने हसू दाबलं. “सर, तो नियम…”

“ठाऊक आहे. जन्मभर मेंदू तपासले, स्वतःचा तेवढा राहून गेला. तू बस, दुसरी पेशी घे. आणि मला आत घेऊ नकोस.”

दाराच्या काचेतून रेघ पुन्हा नाचताना दिसली, तेव्हा सरांनी दोन्ही हात खिशात कोंबले.