साइट कुणी फिरवली?

मी गोखिवऱ्याच्या रायफल क्लबातली पॉइंट बावीस रायफल बोलतेय. जरा लांबूनच ऐका. नेम चुकला की माणूस आधी माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघतो, म्हणून मीही कुणावर चटकन विश्वास टाकत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!

घडले कारखान्यात. फौजेतून निवृत्त झालेल्या बेनेडिक्ट अंकलनी मला क्लबात आणलं. पंचवीस मीटरवर सगळे माझे लाड करायचे. त्र्याऐंशी साली लक्ष्य पन्नास मीटरवर गेलं आणि भुईगावच्या रोझलिनच्या गोळ्या चहूकडे पांगू लागल्या. रविवारी राज्य स्पर्धेसाठी निवड होती. जागा एकच. तिच्यासमोर होता दिवाकर, आणि दोघांच्या हाती मीच.

"अंकल, ह्यानेच साइट फिरवली," रोझलिन म्हणाली. "काल शेवटी रायफल ह्याने पुसली."

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. पुसताना तो साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या चकतीच्या, स्क्रूपाशी फार रेंगाळला होता. मध्ये फडकं होतं, कुणी सांगावं?

दिवाकरचा चेहरा उतरला. "आईशप्पथ, मी हात नाय लावला."

अंकलनी मला उचललं आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं मधोमध, एकमेकांना चिकटून.

"साइट फिरली तर गोळ्या एकाच बाजूला जातात, अशा पांगत नाहीत. चूक तुझी आहे. जवळून ती लपत होती, एवढंच."

दिवाकर चाचरत म्हणाला, "रोझलिन, तू दर गोळीला क्रूसाची खूण करतेस ना, तेव्हा कोपर उचलतं. दस्ता खांद्यातून सुटतो. परत टेकतेस तेव्हा गाल दुसरीकडेच असतो."

"आता माझ्या देवावर घसरलास?"

मला तर वास आलाच. हा तिला हरवायला काहीतरी शिजवतोय!

"पोरी, खूण मीपण करतो," अंकल हसले. "पण आडवं व्हायच्या आधी, एकदाच. देव काय बहिरा आहे?"

रोझलिननं धुसफुसत उभ्यानंच खूण केली आणि आडवी झाली. गाल दस्त्यावर टेकला तो हललाच नाही. प्रत्येक गोळीला अर्धा श्वास सोडून तिनं चाप हळूहळू दाबला. पाचही भोकं जांभळांच्या घोसासारखी एकत्र आली, फक्त थोडी उजवीकडे. मला माझीच लाज वाटली.

आता तिच्या नजरेप्रमाणे साइट जराशी फिरवायची होती. अंकलनी हात पुढे केला. रोझलिननं मला दिवाकरपुढे धरलं.

"तूच फिरव," ती म्हणाली.

रविवारी आधी दिवाकर खेळला. मग साइटचा स्क्रू रोझलिनसाठी ठरवलेल्या जागी आणून त्यानंच मला तिच्या हाती दिलं. जागा तिला मिळाली.

आता मी कपाटात कुलूपबंद आहे, नळीत गंज धरलाय. तुम्ही कुणावर बोट रोखाल, तेव्हा आधी आपला गाल कुठे टेकला होता ते बघा, एवढंच मागणं. माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. किल्ल्या वाजल्या की अजून दचकते. पण कधी कुणी बाहेर काढून पुसलं आणि साइटपाशी फडकं रेंगाळलं, तर गप्प पडून राहते. दिवाकर असेल, असं वाटतं.