प्लास्टरचं शेपूट

माझी आई पाय सरळ करते. बाळांचे. जन्मतःच ज्यांची पावलं आत वळलेली असतात, तळवे एकमेकांकडे बघत असतात, अशा बाळांचे. पाऊल हातात धरायचं, किंचित बाहेर वळवायचं, तसंच धरून वरून प्लास्टर लपेटायचं. आठवड्याने भिजवून सोडवायचं, आणखी थोडं वळवायचं, पुन्हा नवं प्लास्टर. असे सहा आठवडे. मधला एक आठवडा जरी चुकला तरी पाऊल हट्टी पोरासारखं परत आपल्या जागेवर जाऊन बसतं.

हे सगळं मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगितलं तेव्हा अख्खा हॉल चिडीचूप झाला होता. पहिला नंबर! हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मी, आणि माझ्यासाठी टाळ्या थांबेनात. तेव्हापासून मला वाटायला लागलं की मनावर घेतलं तर आपल्याला काहीही जमतं. पुढे जे झालं ते या वाटण्यामुळेच झालं.

आई दरवर्षी दीड महिना परदेशात, एका गरीब वस्तीतल्या दवाखान्यात हे काम करायला जाते. फुकट. तो दीड महिना बाबा, मी आणि पाच वर्षांची ठमी असे आम्ही तिघं कसाबसा ढकलतो. पण यंदा तिथला दुसरा प्लास्टरवाला काम सोडून गेला आणि आई फोनवर म्हणाली, "आणखी एक तुकडी घेतेय रे. बावीस बाळं आहेत. दीडच महिना."

बाबा म्हणाले, "घे की. आम्ही मजेत आहोत." फोन ठेवून ते बराच वेळ नुसते गॅसकडे बघत उभे राहिले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

त्या दिवसापासून ठमीने गिळणं सोडलं.

म्हणजे घास तोंडात घ्यायची, पण गालात धरून बसायची. तासभर, दोन तास. शाळेच्या बाईंनी दुपारी तिच्या गालातून सकाळचा भात काढला. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली आणि विचारलं, "आई कुठे असते हिची?"

"कामावर," बाबा म्हणाले.

रस्त्यात मी म्हटलं, "बाबा, आईला सांगू या."

"काय सांगायचं? तिने तिथे बाळाचं पाऊल हातात धरलेलं असताना इकडची काळजी करत बसायची का? हात हलला तर?"

तरी मी सांगितलं. आई म्हणाली, "रुसलीय गं ती. मी आले की खाईल." पलीकडे कुठलं तरी बाळ कोकलत होतं. "ठेवू? पाणी गार होतंय."

गालातला घास आईला कळत नव्हता. आईला हाड कळतं. मग हाडच दाखवायचं, असं मी ठरवलं.

कपाटाच्या तळाशी आईचा जुना डबा होता. त्यात प्लास्टरच्या चार पट्ट्या होत्या. शनिवारी माझी शाळा अर्धी. बाबा बाटल्यांच्या कारखान्यात, आत फोन नेऊ देत नाहीत, सहापर्यंत येणार नाहीत. तीन वाजता आईचा व्हिडिओ कॉल. सगळं कसं जुळून आलं होतं!

"ठमे, पायाला प्लास्टर लावलं की आई येईल."

"खरं?"

"धावत."

ती हसली. कितीतरी आठवड्यांनी हसली, आणि गालातला घास टुणकन गिळला. आता मी थांबणार होते का?

आत घालायचा कापूस डब्यात नव्हता, म्हणून मी जुना मोजा चढवला. पट्टी कोमट पाण्यात बुडवली, पिळली, पावलापासून गुडघ्यापर्यंत फिरवत नेली. आईला हजारदा बघितलंय. घट्ट लपेटलं, सैल राहिलं तर खोटं दिसेल. आई पट्टीचं शेवटचं टोक नेहमी जरा दुमडून बाहेर ठेवते. त्याला ती शेपूट म्हणते. बाळांना करवत लावायची नसते ना. प्लास्टर भिजवून त्या शेपटाला धरून उलगडत जायचं. ते शेपूट मला बावळट दिसायला लागलं. मोठ्या दवाखान्यातलं प्लास्टर कसं गुळगुळीत असतं! मी ओल्या तळव्याने ते घासून घासून असं बेमालूम बसवलं की माझं मलाच सापडू नये.

"ताई, मुंग्या येतायत."

"वा! आईला अगदी असंच सांग हं."

"ताई, खूप येतायत."

"तोंड अजून वाकडं कर. शाब्बास!"

हे वाक्य मी आता रोज आठवते.

तीन वाजता फोनवर आई दिसली. ठमीचा पाय बघून "अगं बाई!" असं किंचाळली. मी पाठ केलेलं सांगायला लागले, जिन्यावरून पडली, डॉक्टर म्हणाले, वगैरे. आई ऐकतच नव्हती. तिचा आवाज बदलला होता.

"बोटं दाखव. जवळ. अंगठा दाब. सोड. गुलाबी झाला का?"

मी दाबला, सोडला. पांढरा पडला आणि पांढराच राहिला. बाकीची बोटं सुजून जांभळी झाली होती. मी हे बघितलंच नव्हतं. मी ठमीच्या तोंडाकडे बघत होते.

"कोणी लावलं?"

"दवाखान्यात."

"शेपूट कुठाय?"

मी पोटरीवरून हात फिरवला. सगळं गुळगुळीत.

"तू लावलंस?"

"हो."

"कापूस?"

"मोजा."

एक क्षण आईने डोळे मिटले. "रडायचं नंतर. बादली. कोमट पाणी, व्हिनेगर असेल तेवढं ओत, प्लास्टर लवकर मऊ होतं. पाय बुडव. समोरच्या काकूंना हाक मार."

काकूंच्या दाराला कुलूप होतं. कात्री प्लास्टरवर नुसती घसरत होती. ठमी आता नाटक करत नव्हती. आधी मोठ्याने रडली, मग रडणं बारीक झालं, आणि ते बारीक रडणं ऐकवत नव्हतं.

"आई, टोक सापडत नाही! सगळं एकच झालंय!"

"सापडेल. तू उजव्या हाताने लपेटतेस, पावलापासून वर गेलीस. म्हणजे टोक वर. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला. नखाने खरवड. पाणी ओतत राहा." तिच्या मागे बायका दिसत होत्या, मांडीवर पांढऱ्या पायांची बाळं घेऊन, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "घाई नको. मी आहे."

आणि चित्र थिजलं. आईचं तोंड अर्धं उघडं, तसंच. पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला. मग फोन फेकला आणि दोन्ही हात बादलीत घातले. मला काहीही जमतं! नखं तुटली. प्लास्टरचा चिखल झाला, खालचा थर मात्र दगड. मी ठमीला म्हणत होते, "झालं, झालं, माझी राणी," आणि झालं काहीच नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी बोटाला एक धागा लागला. पट्टीच्या जाळीचा एकच धागा. तो ओढला तशी कड सुटली, आणि मी उलगडत सुटले, उलगडत सुटले, पायाभोवती आंधळ्यासारखी हात फिरवत.

आत पाऊल मेणासारखं होतं. मोज्याच्या विणीचे वळ त्यावर उमटले होते, घोट्यावर कातडं निघालं होतं. अंगठा दाबला. सोडला. एक. दोन. तीन. चार. पाच. सहाला कडेने गुलाबी व्हायला लागला.

फोन वाजत होता.

"गुलाबी झाला," मी म्हटलं. "आई, गुलाबी झाला."

आता आई रडायला लागली. त्या मागच्या बायकांपैकी एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग आईने पदरासारखी बाही डोळ्यांना लावली आणि विचारलं, "हे का केलंस ते कळलं मला. आता खरं सांग. येऊ?"

नव्या तुकडीचा तिसरा आठवडा चालू होता. बावीस बाळं. मला हे जितकं पाठ होतं तितकं कोणालाच नव्हतं. यावरच तर मला टाळ्या मिळाल्या होत्या. त्या बाईच्या मांडीवरचं बाळ प्लास्टरचा पाय हवेत झाडत होतं.

"ये," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी बाबांना काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. घरी आल्यावर बाबांनी बादलीतला प्लास्टरचा चिखल स्वतः उपसला.

पाचव्या दिवशी आई आली. ठमी तिच्या गळ्यात पडली नाही. दारातच बँडेजचा पाय पुढे केला. आई चपला न काढता खाली बसली, अंगठा दाबला, सोडला, मोजलं. मग ठमीने तिच्या हातून वरणभात खाल्ला, आणि गिळला. प्रत्येक घास आम्ही तिघं घशातून खाली जाताना बघत होतो.

"त्या बावीस बाळांचं काय गं?" मी भांडी घासताना विचारलं.

"तिथल्या नर्सला शिकवून आलेय. चांगलं करते. पण तिची बाकीची कामं सांभाळून आठच होतात."

"आणि बाकीची चौदा?"

आईने नळ बंद केला. "बघू," म्हणाली. आईचं 'बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता शनिवारी तीनला आई घरीच असते. परवा ठमी तिच्या मांडीवर पाय टाकून चित्रं काढत होती. आईचं लक्ष खिडकीकडे होतं. तिने ठमीचं पाऊल हातात घेतलं, अंगठ्याने टाचेजवळचं हाड चाचपलं, किंचित बाहेर वळवलं आणि तसंच धरून ठेवलं, प्लास्टर वाळेपर्यंत धरतात तसं.

"आई, सोड ना," ठमी म्हणाली. "माझा सरळच आहे."