चीकवाली

डेअरीच्या गोठ्यात तिला सगळे चीकवाली म्हणत. गाय व्याली की पहिला चीक वासराच्या पोटात गेलेला पाहिल्याशिवाय बाई पाण्याचा घोट घेत नसे. मालक चिडवायचा, "अगं, त्याला श्वास तरी घेऊ दे!" हिचं उत्तर ठरलेलं, "दुखण्याशी लढायचं बळ त्याला आईच्या पोटात मिळत नाही. जे आहे ते चिकात. उशीर केला तर वासरू हातचं जाईल." आणि खरंच होतं ते, गोठ्यापुरतं.

मग तिची एकुलती एक लेक बाळंत झाली आणि रक्त थांबता थांबेना. बाळाला छातीशी धरायच्या आत पोर गेली.

अशा वेळी माणसानं रडावं, भिंतीवर डोकं आपटावं. चीकवालीनं यातलं काही केलं नाही. लेकीचं सगळं आटोपून ती तडक गोठ्यात गेली, नुकत्या व्यालेल्या गाईचा चीक बाटलीत भरला आणि हॉस्पिटलात नातवापाशी येऊन उभी राहिली. बूच काढते तोच नर्सनं हात धरला.

"आजी, काय करताय हे? जिवावर बेतेल त्याच्या!"

"बेतलंच आहे! आईनं थेंबभर पाजलं नाही गं त्याला." आणि बाई भडकली, ती नर्सवर नाही, गेलेल्या लेकीवर. "एवढी कसली घाई होती तुला? दोन घोट पाजून जायचं होतंस ना, मेले!"

आवाज ऐकून बाळांचे डॉक्टर आले. तिला बाकावर बसवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"गाईचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते म्हणाले. "आईच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडी असतात. पोटातल्या वासराला गाईशी जोडणारी वार त्यांना पलीकडे जाऊ देत नाही. बाईची वार मात्र त्यांना धरून धरून बाळाच्या रक्तात सोडते, शेवटच्या महिन्यांत तर भराभर. तुमच्या मुलीचे दिवस पूर्ण भरले होते. दुधाची सोय आम्ही करू. तिला लहानपणी गोवर आला होता?"

"आला होता. मीच बसले होते उशाशी."

"त्याच्याशी लढायला तिच्या रक्तात जे तयार झालं, ते आत्ता याच्या अंगात आहे."

चीकवालीनं बाटलीला बूच लावलं. मग तिनं विचारलं, "किती दिवस पुरेल?"

"काही महिने. फार तर वर्षभर. हळूहळू ओसरतं ते. तोवर लसी देऊ, मग त्याचं स्वतःचं तयार होईल."

नर्सनं बाळ तिच्या हातात दिलं. नको नको ते बोलले मी पोरीला, हे तिला आठवलं. तिनं बाळाला गळ्याशी धरलं आणि इतका वेळ अडवलेलं रडू फुटलं.

"चुकलं गं माझं," ती बाळाच्या कानाशी म्हणाली. "मला वाटलं, तू गेलीस. आहेस ना अजून? मग सावकाश जा, बाई. सावकाश जा."