लाल दोऱ्याची भेंडी

मित्रांनो, मी चिनीमातीची एक जुनी बरणी आहे. भट्टीतून भाजून निघाले तेव्हापासून मला ना ऊन कळतं, ना थंडी. झाशीत दतिया गेटजवळच्या एका घरात, फडताळात, मी कित्येक वर्षं उभी आहे.

घरधनी गोपाळराव परसात भेंडी लावत. सगळ्यांत जोमदार झाडाला ते लाल दोरा बांधत. त्याची शेंग कोणी तोडायची नाही. ती झाडावरच वाळायची आणि तिचं बी राखेत घोळून माझ्या पोटात यायचं. चातुर्मासाच्या पहिल्या कीर्तनाला ते मला काखेत मारून देवळात नेत. आरती झाली, बुक्का लावून झाला, की प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर बी.

"देवाचा प्रसाद आहे, पण खाऊ नका, पेरा!"

"अहो, घरापुरतं तरी ठेवा," त्यांच्या पत्नी बकुळाबाई म्हणत. ते तेवढं ठेवत आणि परसात पेरून टाकत.

इथवर माझा पूर्वरंग.

एका भाद्रपदात गोपाळराव गेले. बकुळाबाई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या, त्या बसल्याच. सुतकात भेंडी कोणी तोडली नाही. शेंगा वीतभर वाढल्या, जून झाल्या. तेराव्याच्या पंगतीला जागा हवी म्हणून, हिंदी घरातून नुकत्याच आलेल्या सूनबाई इंदुमतीने झाडं उपटली. दोऱ्याचंही. शेंगा मात्र तिला टाकवेनात. विळीवर चिरून, मीठ-ताक लावून, कडक वाळवून तिने त्या काचऱ्या माझ्यात गळ्यापर्यंत भरल्या. मला काहीच वाटलं नाही. राख काय, मीठ काय.

ज्येष्ठात बकुळाबाईंनी माझं तोंड सोडलं.

"इंदू, बी कुठंय?"

"कौन सा बी, अम्मा?"

"दोऱ्याच्या झाडाचं."

इंदुमतीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मन्नतचा धागा असेल. बाबूजींची भेंडी फेकायची कशी, म्हणून मी सगळीच..."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. एक काचरी तोंडात टाकून कितीतरी वेळ चघळत राहिल्या.

इंदुमती मग चार दिवस कीर्तनाला येणाऱ्यांची दारं ठोठावत फिरली. पाचव्या दिवशी ओरछा गेटची भानुमती पदराच्या गाठीत बी घेऊन आली.

"काकी, काकाजींनी दिलेल्यातलंच आहे. छतावर तेलाच्या रिकाम्या कनस्तरात लावलं होतं. इतकी लागली, इतकी लागली, की आमचे हे भेंडी म्हटलं की घराबाहेर पळतात!"

बकुळाबाई हसल्या नाहीत. काचऱ्या काढून त्यांनी मला कढत पाण्याने धुतलं, उन्हात उपडं घातलं. बी पेरलं. श्रावणात झाडं भरली, तेव्हा लाल दोऱ्याची गाठ मात्र इंदुमतीच्या हातून मारून घेतली.

पुढच्या चातुर्मासात त्यांनीच मला काखेत मारलं. एकेका हातावर चिमूट पडू लागली. "खाऊ नका," म्हणाल्या, आणि 'पेरा' म्हणताना त्यांना रडू फुटलं. एक थेंब माझ्या काठावर पडला. तो ऊन होता, मित्रांनो. मला कळलं.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला पुसा, कोरडी ठेवा. पण सगळंच तिच्यात कोंडू नका. माझ्या पोटात होतं ते खारट झालं. देवळात वाटलेलं तेवढंच घरी परत आलं.