पंधरा लाल पट्ट्या

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या कोच डार्सी होल्म यांच्या खोलीत भिंतभर पांढरा फळा होता आणि त्यावर चुंबकाच्या पट्ट्या. एकेका पट्टीवर एकेका मुलीचं नाव. लाल पट्टी म्हणजे स्कॉलरशिपवाली, पांढरी म्हणजे पदरमोड करून खेळणारी. लाल पट्ट्या पंधराच. सोळावी लावायची सोय नव्हती, आणि एकीचे दोन तुकडे करून दोघींना वाटायचीही नव्हती, नियमच तसा. पाहुणे आले की कोच फळ्यावर आयोवा राज्याचा मोठा नकाशा ओढून घ्यायच्या. कुणाचं काय होणार ते सगळं त्या फळ्यावर उघडं पडलेलं असायचं ना!

मारिट ओडेगार्डची पट्टी दोन वर्षं पांढरी होती.

संघात सगळ्यात बुटकी तीच. पण चेंडू तिच्या हातात आला की उंच पोरीही तिच्या डोळ्यांकडे बघत धावायच्या, कारण पास कुठून येईल याचा नेम नसे आणि आला की अगदी तळव्यात येऊन बसे. पहाटे पाचला ती कॉलेजच्या भटारखान्यात दालचिनीचे रोल वळायची, आठला वर्गात, तीनला जिममध्ये. घरच्यांशी तिचा सरळ करार होता. "दोन वर्षं आम्ही भरतो," आई म्हणाली होती, "तिसऱ्या वर्षी तुझा भाऊ कॉलेजात जाईल. तोवर स्कॉलरशिप मिळव, नाहीतर घरी ये आणि इथेच नर्सिंग कर." नर्सिंगबद्दल मारिटची काही तक्रार नव्हती. फक्त तिथे बास्केटबॉल नव्हता.

आणि जानेवारीत कोचनी शब्द दिला होता. वसंतात दोन मुली पदवी घेऊन जाणार. एका जागेवर हायस्कूलची मुलगी ठरलेली, दुसरी मारिटची. कोचनी तिच्यासमोर पंधराव्या लाल पट्टीवर पेनाने तिचं नाव लिहिलं होतं.

एप्रिलमध्ये बदलीची यादी उघडली. कॉलेज सोडून दुसरीकडे जाऊ बघणाऱ्या देशभरातल्या मुलींची नावं एका दिवसात बाहेर पडली, आणि कोचनी मारिटला बोलावून घेतलं.

"बस."

"उभीच बरी आहे, कोच. कोपरापर्यंत पीठ आहे."

"एक सेंटर खेळणारी मुलगी येतेय कॉलेज बघायला. सहा फूट चार इंच. मोठ्या कॉलेजातली आहे."

"छान की. आपल्याला रिंगखाली कुणी नाहीच."

"मारिट, जागा एकच आहे."

मारिटने हातावरचं पीठ झटकलं. मग तिला हसूच आलं. "आणि दोन दिवस तिला सगळं दाखवायला तिची यजमानीण मी व्हायचं, असंच ना? कोच, बकऱ्यालाच सुरीला धार लावायला सांगताय तुम्ही."

"दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला गोड गोड बातम्या मिळतील," कोच म्हणाल्या. त्यांनी नजर चुकवली नाही. "तिचा खेळ मी पडद्यावर पाहिलाय. पण तुम्ही पोरी आपसात खेळाल तेव्हा नियमानं मला जिममध्ये पाऊल टाकता येत नाही. चार जणींत ती कशी आहे, ते तू बघ. रविवारी सकाळी मला एकच शब्द सांग. घ्यायची की नाही."

शब्द मोडला म्हणून मारिटला राग यायला हवा होता. आला नाही असं नाही. पण कोच पाठीमागून काही करत नव्हत्या, हेही खरं होतं.

तशी एक वाट होती. सगळ्या संघाला ती ठाऊक होती आणि कुणी तिचं नाव काढत नव्हतं. ग्रेचेन राडमाकर मारिटच्याच वर्गातली, लाल पट्टीवाली. तिच्या गुडघ्यातला स्नायुबंध दोनदा फाटला होता. डॉक्टरांनी जानेवारीतच कागद लिहून दिला होता, ही पुन्हा खेळू शकणार नाही. त्या कागदावर ग्रेचेनने सही केली की तिची स्कॉलरशिप शेवटपर्यंत तिच्याकडेच राहणार होती, पण पंधरांत मोजली जाणार नव्हती. एक जागा मोकळी. मात्र सही म्हणजे खेळ संपला, आणि तो कागद तीन महिने ग्रेचेनच्या खणात पडून होता. रोज ती गुडघ्याला पट्टा बांधून सरावाला यायची, सायकल मारायची, म्हणायची, "ऑगस्टपर्यंत बघा तुम्ही."

झारिया बँक्स शुक्रवारी संध्याकाळी आली. सात तास एकटीने गाडी चालवून, शिकागोहून. दार उघडून आधी तिचे पाय बाहेर आले, मग बाकीची झारिया आली, आणि मग मागच्या सीटवरून तिने एक नऊ महिन्यांची पोर उचलून कमरेवर घेतली.

"ही ओपल," ती म्हणाली. "आम्ही दोघी येतो. एकटी मी मिळत नाही."

"हिची पण उंची लिहून घेऊ का?" मारिट म्हणाली.

झारियाने तिला वरून खाली पाहिलं. पाहून व्हायला फार वेळ लागला नाही. "आणि तू कोण, मैदानात नाचणारं संघाचं बाहुलं?"

"यजमानीण. बाहुल्याला सुट्टी आहे."

झारिया हसली तशी ओपलही हसली. तिला खाली दोनच दात होते. मारिटने बोट पुढे केलं, ते तिने घट्ट धरलं आणि थेट तोंडात घातलं.

शनिवारी सकाळी कोचच्या खोलीत जर्सी घालून फोटो काढायचा होता. बघायला आलेल्या प्रत्येक मुलीचा काढतात. झारिया दारातच थांबली. ओपल कडेवर झोपलेली होती, आणि झारियाची नजर भिंतीवर होती. मारिटनेही पाहिलं. नकाशा ओढायचा राहून गेला होता. पंधराव्या लाल पट्टीवर लिहिलं होतं 'झारिया?', आणि त्याखाली नीट न पुसलेलं, फिकट, पण अगदी वाचता येण्यासारखं 'मारिट'.

कोचनी झटकन उठून नकाशा ओढला. उशीर झाला होता.

"फोटो नंतर काढू," झारिया म्हणाली. "मला भूक लागलीय."

भोजनगृहात त्या दिवशी चिली होती, आणि चिलीबरोबर आयोवात जे असतं तेच.

"हे काय आहे?"

"दालचिनीचा रोल. मीच वळलाय सकाळी. चिलीत बुडवून खा."

"मांसाच्या तिखट रश्श्यात गोड पाव? तुम्हा लोकांचं डोकं ठिकाणावर आहे ना गं?"

"खाऊन तर बघ."

झारियाने बुडवून खाल्ला. बोटं चाटली. दुसरा घेतला. तिसरा उचलताना तिने विचारलं, "ती जागा तुझी होती?"

"होती."

"मग माझ्याशी एवढं गोड का वागतेयस?"

"गोड कुठे वागतेय? तीन रोल तूच खाल्लेस." मारिटने चमचा खाली ठेवला. "हे बघ, दोन वर्षं मी अशा मुलींना पास देतेय ज्यांच्या हातून चेंडू निसटतो. मला जिंकायचंय. तू खरंच तेवढी चांगली असलीस तर मी तसं सांगणार. नसलीस तर तेही सांगणार. दुपारी कळेलच."

झारियाने ओपलच्या तोंडाला लागलेला भात पुसला. "यादीत नाव टाकलं त्या आठवड्यात चाळीस कोचचे फोन आले," ती म्हणाली. "प्रत्येकाला सांगितलं, थांबा, माझ्या लेकीशी बोला. आणि फोन हिच्या तोंडाशी धरला. तीन उरले."

"आमच्या कोच काय म्हणाल्या?"

"त्यांनी विचारलं, दात येतायत का."

दुपारी जिममध्ये फक्त पोरी होत्या. ग्रेचेन पट्टा बांधून कडेला जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आण ती इकडे. मी सांभाळते." ओपल तिच्या पायांमध्ये बसून तिच्या बुटाची नाडी चघळू लागली.

पहिली पाच मिनिटं मारिटला काही पटलं नाही. झारिया मागे धावत यायला आळस करायची, डाव्या हाताने अडखळायची, आणि आपली चूक झाली तरी दुसरीवर खेकसायची. मग एकदा मारिट रिंगखाली तिघींच्या घोळक्यात सापडली. समोर बघत असतानाच तिने पाठीमागून, जमिनीला एक टप्पा देऊन चेंडू सोडला. तिथे कुणीच नव्हतं. दोन वर्षं तिथे कुणीच नसायचं. चेंडू जमिनीवर आपटला, वर आला, आणि तिथे झारियाचा हात होता. बास्केट झालं तेव्हा ती उडालीसुद्धा नव्हती, नुसती टाचा उचलून उभी होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"परत," झारिया म्हणाली.

परत झालं. मग परत. अर्ध्या तासात बाकीच्या पोरी वैतागून हसायला लागल्या. "अगं, आम्हाला पण द्या कुणीतरी!" मारिटला वाटलं, बोलता बोलता वर्षानुवर्षं आपण वाक्य अर्धंच सोडत होतो आणि आज कुणीतरी ते पुरं करतंय.

तेवढ्यात ओपलला नाडीचा कंटाळा आला. ती रांगत सुटली, आणि रांगायला तिला नेमकं मैदानच सापडलं. "ए, ए, ओपल!" ग्रेचेन उठायला गेली. एक हात जमिनीवर, चांगला पाय खाली, आणि दुसरा पाय आलाच नाही. पुन्हा जोर केला. आला नाही. ती तशीच पालथी होऊन सरपटली, पोरीचा घोटा पकडला आणि तिला पोटाशी ओढून घेतलं. तोवर झारिया चार ढांगांत पोचली होती. तिने एका हाताने लेकीला उचललं, दुसरा हात ग्रेचेनपुढे केला.

"जोडीनं रांगताय का गं?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. ओपल तर सगळ्यात मोठ्यांदा. ग्रेचेनही हसली, पण तिने झारियाचा हात लगेच धरला नाही. ती कशीबशी उठून बसली आणि आपल्या गुडघ्याकडे बघू लागली. मारिटने ते पाहिलं आणि ती चेंडूकडे वळली.

संध्याकाळी ती उरलेले चार रोल कागदात बांधून ग्रेचेनच्या खोलीपाशी गेली. वाटेत शब्द जुळवलेले होते. 'तुला तर काहीच गमवायचं नाही, ग्रेचेन, फी तशीच चालू राहते.' खरं होतं ते. दार उघडलं. गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून ग्रेचेन एका पायावर उभी होती, आणि मारिटला कळलं की ते खरं नाही. जे गमवायचं होतं ते फीत मोजलं जात नव्हतं.

"काय सांगायला आलीस?" ग्रेचेनने विचारलं.

"रोल द्यायला आले."

"नुसते रोल?"

"लोणी पण आहे. वर लाव."

ग्रेचेन तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पुडकं घेतलं. "बरं. झोप जा. उद्या तुला कोचना भेटायचंय."

रविवारी सकाळी मारिट भटारखान्यातून तशीच निघाली. अंगणात एप्रिलचं उशिराचं बर्फ भुरभुरत होतं. पण तिची झोप छान झाली होती, आणि पायऱ्या ती दोन-दोन चढली.

"बोल," कोच म्हणाल्या. फळ्यावर नकाशा होता.

"घ्यायची. मागे धावत येत नाही, तिला पळवावं लागेल. डावा हात कच्चा आहे. खेकसते. पण घ्यायची, आणि आजच सांगा, नाहीतर उरलेल्या दोघांपैकी कुणीतरी नेईल. आणखी एक. सराव तीनऐवजी दोनला ठेवा. पाळणाघर पाचला बंद होतं, मी विचारून ठेवलंय."

"आणि तू?"

मारिटने तेही ठरवून ठेवलं होतं. "मी नर्सिंगला जाणार नाही. मी पण यादीत नाव टाकतेय, कोच. मला चाळीस फोन येणार नाहीत, ठाऊक आहे. पण कालच्यासारखे पास देणारी गार्ड कुणाला तरी हवी असेलच. मग पुढच्या वर्षी तुमच्याविरुद्ध खेळेन. झारियाला कसं अडवायचं ते मला कळलंय."

कोच हसल्या, आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि त्यांनी नकाशा वर सोडला.

पंधरा लाल पट्ट्या होत्या. चौदावीवर 'झारिया', प्रश्नचिन्हाशिवाय. पंधरावीवर 'मारिट', नव्याने, ठसठशीत. आणि सगळ्यांच्या बाजूला, पंधरांच्या मोजणीबाहेर, एकटी एक निळी पट्टी: 'ग्रेचेन'.

"ती सातला आली होती," कोच म्हणाल्या. "सही केलेला कागद घेऊन. मी म्हटलं, मारिटने घातलं का काही कानावर? तर म्हणाली, छे, लोणी लावायला सांगून गेली."

"कोच, मग मी एवढं सगळं बोलले, ते तुम्ही ऐकून कशाला घेतलंत?"

"तुझ्या तोंडून मला ते ऐकायचंच होतं. आणि तुला चाळीस फोन आले असते, वेडे. चाळीस नाही, तीस."

ग्रेचेन जिममध्ये होती. पट्टा नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मारिटने तिचा गुडघा उघडा पाहिला. त्यावर दोन लांब शिवणी होत्या. शेजारी झारिया, अंगात कॉलेजची जर्सी, फोटोसाठी केस नीट करत उभी.

"आभार मानायला आली असशील तर परत फीर," ग्रेचेन म्हणाली. "तुझ्यासाठी नाही केलं मी. काल पोर उचलून उठता आलं नाही मला. मैदानात उतरायच्या गप्पा मारतेय मी, आणि नऊ महिन्यांची पोर माझ्यापेक्षा जोरात पळाली." तिने नाक पुसलं. "कोच म्हणाल्या, बाकावर बस, गार्डना शिकव. शिट्टी दिलीय मला. आता तुला पळवणार मी. दोन वर्षं पायाला जडच आहेस तू."

"मी?"

"नाहीतर कोण? चल, फोटो होऊ दे यांचा, मग दहा फेऱ्या."

कॅमेरावाल्याने सगळ्यांना सरकवून उभं केलं. झारिया मधोमध, मारिट तिच्या बाजूला. मारिट जेमतेम तिच्या खांद्यापर्यंत आली. ग्रेचेनने ओपलला मांडीवर घेऊन खुर्चीवर बैठक मारली.

"हसा," कॅमेरावाला म्हणाला.

ओपलने ग्रेचेनच्या गळ्यातली दोरी पकडून शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. सवय अशी की मारिट आणि झारिया दोघीही धावायला लागल्या.