शेंडेफळ

ट्रेंवर तांबेऱ्याचा रोग मुद्दाम सोडल्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी तिने तिसऱ्या ट्रेमधलं एक पान दोन बोटांत धरलं आणि उजेडाकडे वळवलं. वरून पाहिलं, खालून पाहिलं, बुडाशी जिथे पान काडीला बिलगतं तिथेही पाहिलं. तांबेऱ्याचा एक ठिपका नव्हता. शेजारच्या ट्रेमधल्या साध्या गव्हावर मात्र गंजल्यासारखे फोड उठले होते आणि नुसता धक्का लागला तरी नारिंगी पूड तिच्या बाहीवर बसत होती.

एवढ्यावर हुरळून जायचं तिचं वय राहिलं नव्हतं. स्वच्छ पानाचे दोन अर्थ होतात. एक तर झाडाच्या अंगात रोग अडवणारं जनुक आहे, नाही तर रोगच त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, झाड नुसतं सुटलंय. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो मशीनला, आणि मशीन पहिल्या मजल्यावर होतं.

इमारतीची वाटणी मोठी मजेशीर होती. तळमजल्यावर पिकांचे रोग, दुसऱ्या मजल्यावर माणसांचे, तेही रक्तातून पोराबाळांकडे उतरणारे. मधल्या मजल्यावर दोघांत मिळून जनुकं वाचणारं एक मशीन. मशीनला गहू काय नि माणूस काय, दोन्ही सारखेच. ते चालवणारे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले होते आणि सगळे त्यांना मशीनवाले काका म्हणत. पानांचे बारीक तुकडे कापून नळ्यांत भरायचं काम हल्ली ती त्यांच्यावरच सोपवायची. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं कारण सांगायची. आठवड्यापूर्वी दिलेले तुकडे काकांकडे होते आणि आज निकाल येणार होता.

तिच्या ट्रेमधल्या तीन वाणांना कागदोपत्री लांबलचक नंबर होते. पण सहा वर्षं ज्यांना हाताने पाणी घातलं, त्यांना नंबराने कोण हाक मारणार? तिन्ही वाण एकाच संकरातले, म्हणजे सख्खी भावंडंच. एका दुपारी तिने ट्रेवर पेन्सिलीने लिहून टाकलं: थोरला, मधली, शेंडेफळ. घरीही ती तीनच भावंडं. दादा अजूनही, तिला एकेचाळीस वर्षं झाली तरी, चारचौघांत शेंडेफळ म्हणूनच हाक मारायचा.

या नावांबद्दल घरी मात्र तिने अवाक्षर काढलं नव्हतं. कारण दुसऱ्याच वर्षी थोरला तांबेऱ्याने पार करपला, आणि त्याच वर्षी दादाची बोटं आपली आपण हलायला लागली.

बाबांचंही असंच झालं होतं. आधी हात, मग पाय, शेवटी जीभ. दुसऱ्या मजल्यावर या आजाराला मोठं नाव होतं, घरी सगळे नुसतं 'ते' म्हणत. बाबांकडून प्रत्येक मुलाला ते मिळायची शक्यता निम्मी, नाणं उडवावं तशी. दादाला मिळालं. ताईने रक्त तपासून घेतलं, पाकिटात 'नाही' निघालं, तिचा जीव भांड्यात पडला आणि तेव्हापासून ती दादाच्या नजरेला नजर देईनाशी झाली. तिसरं पाकीट आठ महिने दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांच्या कपाटात पडून होतं. ते तिचं होतं.

काचघरातून बाहेर पडताना जिन्यापाशी त्याच डॉक्टर भेटल्या.

"पाकीट अजून माझ्याकडेच आहे," त्या म्हणाल्या.

"कपाटात जागा कमी पडतेय का?"

"जागेचं काय एवढं. सक्ती नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. फक्त याल तेव्हा एकट्या येऊ नका, कुणाला तरी सोबत आणा."

"येते. एकदा गव्हाचं होऊन जाऊ दे."

"मागच्या वेळी तुम्ही पेरणीचं सांगितलं होतंत. त्याच्या आधी ओंब्यांचं." डॉक्टर हसल्या. "तुमच्या गव्हाला हंगाम तरी किती?"

तीही हसली आणि काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा काचघरात शिरली.

काचघर ही तिची हक्काची जागा होती. छतातल्या बारीक तोट्या दर वीस मिनिटांनी धुकं सोडत, ऊन त्यात विरघळून दुधासारखं पांढरं होई, आणि मग ट्रे, टेबलं, भिंती कशालाच कडा उरत नसत. पंख्यांची एकसुरी घरघर, ओल्या मातीचा वास. एक पान बघायला म्हणून आत जावं आणि बाहेर येईपर्यंत जेवायची वेळ टळून जावी, असं नेहमीचं होतं. बाई गव्हात गेल्या, असं बाहेरचे लोक म्हणत आणि तिच्या वाटणीचा चहा आपापसांत वाटून घेत. इथे बसलं की तिला वाटे, आपल्याला वयच नाही. आपण बाबांची मुलगी नाही, कुणाचीच कुणी नाही. धुक्यात उभं असलेलं एक हिरवं काहीतरी आहोत, बस. अशा वेळी तिला कसलीच भीती वाटत नसे, आणि म्हणूनच ती तिथून लवकर उठत नसे.

तीनच्या सुमाराला दार उघडलं. गुडघ्यांमुळे जिन्याच्या वाटेला न जाणारे काका स्वतः खाली आले होते.

"शेंडेफळात आहे," काका म्हणाले.

तिने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"दोनदा तपासलं बाई. जनुकाच्या तिन्ही खुणा स्पष्ट. मधलीत आहे हे माहीतच होतं, पण तिचा दाणा सुरकुतलेला. याचा दाणाही भरलेला आणि जनुकही आहे. सुटलंबिटलं नाही, अंगातच आहे."

मग विचारता सोय नव्हती. सगळा तळमजला काचघराच्या दारात गोळा झाला. कुणीतरी बिस्किटांचे पुडे फोडले, हिशेबनीस एरवी गव्हाच्या वाऱ्याला उभे राहत नसत, तेही ट्रेपाशी वाकून पाहून गेले. जो तो तेच म्हणत होता. शेंडेफळात आहे. ऐकलंत का, शेंडेफळात आहे. हे शब्द इतक्या तोंडांतून फिरले की दिवसभर गुणगुणलेल्या ओळीसारखे तिच्या जिभेवर बसले. ती हसत होती, हात जोडत होती, आणि तिला खरोखर खूप आनंद झाला होता.

गर्दी पांगल्यावर ती पुन्हा आत येऊन स्टुलावर बसली. धुकं नुकतंच सुटलं होतं. त्यातून तिला काचेच्या पलीकडचं दिसायला लागलं, जे तिथे नव्हतंच: नजर पोचेल तिथवर गहू, पिकून पिवळा झालेला, आणि त्यातून बाही झटकत चाललेली अनोळखी माणसं, ज्यांच्या बाहीवर नारिंगी काही नव्हतं. ती बराच वेळ त्या शेतातून चालत राहिली. चालता चालता एका बांधावर तिला कळलं की गव्हाचं होऊन गेलंय. डॉक्टरांना सांगायला आता काहीच उरलं नव्हतं.

कुणाशी तरी बोलावंसं वाटलं म्हणून तिने दादाला फोन लावला. त्याच्याशीच बोलायचं होतं. ओंबी हातावर चोळून, फुंकर मारून, दाणे कसे वेगळे करायचे हे लहानपणी त्यानेच तिला दाखवलं होतं. हल्ली तो फोन टेबलावर ठेवूनच बोलायचा.

"दादा," ती म्हणाली, "शेंडेफळात आहे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." त्याचे शब्द आताशा एकेक करून, अडखळत येत. "एकटीच गेलीस?"

"कुठे?"

"मला बोलवायचंस ना गं. धडपडत का होईना, आलो असतो."

आपण काय बोललो आणि त्याने काय ऐकलं, हे तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. कपाळाला हात लावावा आणि पोट धरून हसावं असाच घोटाळा होता. ती सांगणारच होती. तोंडही उघडलं होतं.

"मला कळलं होतं," दादा म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"मागच्या महिन्यात ताईकडे जेवायला बसलो होतो बघ. तू पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचललास. भरलेलाही नव्हता. मग माझ्याकडे बघितलंस आणि एक हात खाली घेतलास. मी दोन वर्षं तेच केलंय, ताईला नाही कळायचं ते." त्याने दम घेतला. "तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

पेला ओला आहे, निसटेल, असं त्या दिवशी तिने स्वतःला बजावलं होतं. ते तिला आत्ता आठवलं. त्यानंतर ताईच्या घरी पाणी लागलं तरी तिने मागितलं नव्हतं, हेही आठवलं. ती घाबरली. आणि घाबरलेली असतानाच, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आपण एकटे नाही असं तिला वाटलं. डोळे भरून आले.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "या रस्त्याने मी पुढे गेलोय. खड्डे कुठे आहेत ते सांगेन तुला."

"दादा, उद्या दहाला येशील का माझ्याकडे? वरच्या मजल्यावर जायचंय, डॉक्टरांकडे."

"परत कशाला बोलावलंय?"

"परत नाही. मी अजून गेलेलीच नाहीये. पाकीट त्यांच्याकडेच आहे."



"मग आत्ता कुणाचं सांगत होतीस?"

"गव्हाचं. एका वाणाचं नाव ठेवलंय तसं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उठला असावा, आणि लगेच पुन्हा बसला असावा.

"मी काय बोलून बसलो गं," तो म्हणाला.

"असू दे. कुणीतरी बोलायला हवंच होतं."

"माझी नजर चुकलीही असेल."

"असेल. उद्या बघूच ना."

"दहाला ना? मी नऊलाच निघतो. जिने चढायला वेळ लागतो मला."

फोन ठेवून ती बाहेर आली. काका उरलेली बिस्किटं कागदात गुंडाळत होते.

"घरी कळवलंत की नाही?"

"कळवलं. दादा येतोय उद्या."

"येणारच. मग त्यांना आत नेऊन नीट दाखवा तुमचं शेंडेफळ."

"त्याने बघितलंय," ती म्हणाली.