मास्तरांचा नकार

कॅज्युअल्टीचं दार ढकलून लाल कोटांची फौजच आत शिरली. खांद्यांवर सोनेरी झुपके, चेपलेल्या टोप्या, कुणाच्या काखेत वाकडं झालेलं वाद्य. भर स्पर्धेत स्टेज खचलं होतं आणि अख्खा बँड खाली आला होता. प्रत्येक जण ओरडत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच आधी बघावं.

अशा वेळी सिस्टरांच्या अंगात वारं भरायचं. घरी दुखऱ्या गुडघ्यांवरून नवऱ्याची थट्टा ऐकणारी ही बाई इथे भिंगरीसारखी फिरायची. कुणाच्या कपाळावर पट्टी दाबली, कुणाला खुर्चीत बसवलं. सगळ्यात मोठा गळा ड्रमवाल्याचा होता, आणि त्याचा ठेचला होता अंगठा. त्याच्या हाती बर्फ देत त्या म्हणाल्या, फुप्फुसं ठणठणीत आहेत, काळजी नको.

भिंतीलगतच्या ट्रॉलीवर मात्र आवाज नव्हता. तिथे बँडचे मास्तर होते, पिकल्या मिशांचे, ट्रम्पेट वाजवणारे. त्यांचं पाऊल घोट्यातून निखळून भलतीकडे वळलं होतं. डॉक्टरांनी पाहिलं, आधी दुखणं मारणारं जोरदार इंजेक्शन द्या, मग लगेच पाऊल बसवू, असं सांगितलं आणि ते डोक्याला मार लागलेल्या पेशंटकडे धावले.

सिस्टर सिरिंज भरून आल्या, तर मास्तरांनी त्यांचा हात धरला. "नको."

हे काही नवीन नव्हतं. दातावर दात दाबून सोसणारे पुरुष त्यांनी ढिगाने पाहिले होते. इथे शौर्यपदक मिळत नाही, असं त्यांनी बजावलं. मास्तरांनी त्यांना खाली वाकायची खूण केली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

"मागे कंबर मोडली तेव्हा हेच देत होते," ते कुजबुजले. "कंबर बरी झाली, पण हे सुटेना. चोरून घ्यायचो. घर धुवून निघालं, मुलगी बोलेनाशी झाली. आत्ता कुठे बोलायला लागलीय. आणि बँडच्या पोरांना यातलं काही माहीत नाही, सिस्टर."

सिस्टरांनी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. मग नुसता पायच बधिर करू, म्हणाले. पण ते भूलतज्ज्ञ मॅडमचं काम, आणि मॅडम ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. तोवर हाताच्या पंजावर सलाइन लावून साधं औषध द्यायचं आणि पावलावर नजर ठेवायची. बोटं काळीनिळी पडू लागली, तर थांबता येणार नव्हतं. मग इंजेक्शन देऊन पाऊल ओढणं आलंच.

परत ठेवलेली सिरिंज ड्रमवाल्याच्या नजरेतून सुटली नव्हती. "माणूस तळमळतोय आणि तुम्ही औषध परत नेता? बाई आहात की दगड?" मागून आणखी दोघे बोलू लागले. एकाने मोबाइल काढला. मास्तर उठायला बघत होते. सिस्टरांनी त्यांचा खांदा दाबून धरला आणि डॉक्टरांना विचारलंय, एवढंच सांगितलं. शिव्या पडल्या त्या पदरात घेतल्या. कान मात्र लालबुंद झाले होते.

मग त्या मास्तरांच्या कानाशी वाकल्या. "सगळ्यात लांब सूर किती लांबवता?"

"माझ्याएवढा कुणीच लांबवत नाही."

"दाखवा बघू."

वाद्य नसताना मास्तर फुंकू लागले. ओठ आवळून, हळू, सरळ रेघ ओढावी तसा श्वास. सिस्टरही सोबत फुंकत राहिल्या आणि आधी त्यांचाच दम संपला. मास्तरांच्या मिशीखाली हसू येऊन गेलं. मध्येच त्या दुसऱ्या पेशंटकडे पळायच्या, परत यायच्या, पाऊल चाचपायच्या. ते गार होत चाललं होतं. करंगळीवर निळसर झाक दिसली तशा त्यांनी पुन्हा ऑपरेशन थिएटरला फोन लावला. दगड म्हणाला तो खरा ठरला तर?

आणि मॅडम आल्या. गळ्यात लोंबणारा मास्क, मागे खडखडत ओढलेलं सोनोग्राफीचं मशीन. पडद्यावर नस शोधत त्यांनी गुडघ्यामागे सुई घातली. सगळे थांबले. थोड्या वेळाने मास्तरांनी विचारलं, "पाय आहे ना माझा?" डॉक्टरांनी टाच धरली, ओढली; खट्ट झालं. सिस्टरांची बोटं पावलावर फिरत राहिली, फिरत राहिली.

"लागली! नाडी लागली!"

त्या इतक्या जोरात ओरडल्या की सगळी कॅज्युअल्टी वळून बघू लागली. लाल कोटांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ड्रमवाला ठेचल्या अंगठ्यानिशी टाळ्या पिटत होता. नंतर सिस्टरांकडे वळून तो म्हणाला, "हेच आधी केलं असतं तर?"

"उशीर झाला खरा," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांची मुलगी पोहोचली तेव्हा बँडवाले बाहेर चहाला गेले होते. ती पायाकडे गेलीच नाही. तिने वडिलांच्या कोटाच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही हात उलटे करून कोपरांच्या खोबणी उजेडाकडे धरल्या आणि बघत राहिली. मास्तरांनी हात सैल सोडले होते.

"ते इंजेक्शन नाही घेतलं त्यांनी," सिस्टर हळूच म्हणाल्या. "नुसता पाय बधिर केलाय."

मुलीने बाह्या खाली ओढल्या आणि मनगटावरची सोनेरी बटणं एकेक करून लावू लागली.